यशोदेची रवी आणि आमचा हँड ब्लेंडर



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ९. दामोदर लीला.

कथा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कान्हा दह्याचं मडकं फोडतो, यशोदा त्याला उखळाला बांधायला जाते आणि दोरी दर वेळी दोन बोटं कमी पडते. प्रवचनात बहुतेक वेळ त्या दोन बोटांवरच जातो. एक बोट भक्ताच्या प्रयत्नाचं, दुसरं देवाच्या कृपेचं. ते आहेच. पण आज मी पहिल्या तीन-चार श्लोकांपाशीच थांबलोय. कारण आमच्या घरी महिनाभर एक प्रश्न चाललाय आणि त्याचं उत्तर मला तिथे सापडायला लागलंय.

प्रश्न असा: हँड ब्लेंडर घ्यायचा की नाही?

हसू नका. दोन हजारांच्या वस्तूसाठी भागवत कशाला उघडायचं, असं वाटेल. पण मोठे धर्मसंकट आपल्या आयुष्यात किती वेळा येतं? कुरुक्षेत्र काही रोज मांडलं जात नाही. रोज येतं ते हे: घेऊ का, नको घेऊ, गरज आहे की हौस आहे. वैराग्य आणि प्रेम यांची खरी परीक्षा अशाच बारीक ठिकाणी होते.

आधी घरची परिस्थिती सांगतो, त्याशिवाय प्रश्न कळणार नाही. आम्ही डहाणूला राहतो. आजी ८६ वर्षांची आहे. दात नाहीत आणि गेल्या वर्षापासून तिला गिळायलाही त्रास होतो. डॉक्टरांनी सांगितलंय, जेवण मऊ आणि एकसारखं हवं, गुठळी नको, पण अगदी पाण्यासारखं पातळही नको, नाहीतर ठसका लागतो. म्हणून आई दोन्ही वेळेला मुगाची खिचडी किंवा वरण-भात मऊ शिजवते, रवीने घोटते आणि मग चाळणीतून काढते. आई साठीची. उजव्या हाताचा अंगठा मुळाशी दुखतो.

मिक्सर आहे की घरात, असं कुणीही म्हणेल. आहे. पण गरम खिचडी मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवली तर वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो. म्हणजे ती आधी गार करायची, फिरवायची, पुन्हा गरम करायची. शिवाय एका वाटीचं प्रकरण. एवढंसं घातलं की ते भांड्याच्या भिंतींना चिकटतं आणि पाती नुसतीच फिरतात. मग भांडं, झाकण, पातं, सगळं धुवा. हँड ब्लेंडर थेट पातेल्यात बुडवता येतो, हा त्याचा खरा फायदा. बाकी जाहिरातीत दाखवतात ते सगळं त्याला जमत नाही. सुकं खोबरं, मसाला, इडलीचं पीठ ही त्याची कामं नव्हेत.

आईचं मत स्पष्ट होतं. "कशाला? रवी आहे की. एका माणसाची खिचडी घोटायला वीज कशाला हवी?" बाबा म्हणाले, "ओट्यावर अजून एक डबडं." आणि माझ्या मनात दोन आवाज होते. एक म्हणत होता, आईचा हात दुखतोय, घे. दुसरा म्हणत होता, घे, म्हणजे फेसाळ कॉफी करता येईल, चिकू शेक करता येईल. चिकू तर आमच्याकडचाच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा शेक न करणं म्हणजे जवळजवळ गावाचा अपमान! मन किती हुशार वकील असतं बघा. हौसेला तो सेवेचा कोट घालतो आणि वर गावाचा अभिमानही जोडून देतो.

आता भागवताकडे या.

नवव्या अध्यायाची सुरुवात अशी आहे की, एके दिवशी घरातल्या दासी दुसऱ्या कामांत होत्या, म्हणून नंदराणी यशोदा स्वतः दही घुसळायला बसली. घुसळताना ती कृष्णाच्या लीला आठवत होती, गात होती. मग व्यासांनी तिचं वर्णन केलंय आणि त्यात दोन गोष्टी मुद्दाम टिपल्यात. दोरी ओढून ओढून तिचे हात दमले होते आणि चेहऱ्यावर घाम आला होता.

एवढी मोठी कथा, साक्षात परब्रह्म अंगणात रांगतंय आणि ग्रंथ थांबून सांगतोय की आईचे हात दमले होते. अध्यायाच्या शेवटाकडेही तेच. दोरी पुरत नाही, यशोदा घामाघूम होते, केसांतली फुलं गळतात. तिचे ते कष्ट कृष्ण बघतो आणि कृपेने स्वतःला बांधून घेतो. जो कशानेही बांधला जात नाही, तो आईचा थकवा बघून विरघळला. थकव्याचा उल्लेख सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. मध्ये सगळी लीला.

यातून दोन अगदी उलट निष्कर्ष काढता येतात आणि आपल्या सत्संगांमध्ये दोन्ही ऐकायला मिळतात.

पहिला निष्कर्ष: हाताने घुसळण्यात भक्ती आहे. यंत्राने काम झटपट होतं, पण नाम कुठे घेणार? ब्लेंडरच्या घर्रऽऽ आवाजात यशोदा गाऊ शकली असती का? जुन्या बायकांनी जात्यावर ओव्या रचल्या, आपण मोटार लावली आणि ओवी गेली. म्हणून साधं राहा, हाताने करा.

हे मला मनापासून पटतं. आणि इथेच सावध व्हावंसं वाटतं. कारण यशोदा स्वतः घुसळत होती. घरात दासी होत्या, तरी त्या दिवशी दोरी तिने आपल्या हातात घेतली. श्रमातल्या भक्तीबद्दल बोलायचा अधिकार त्या हातांना आहे. मी खुर्चीत बसून म्हणालो की "आई, रवीच बरी, त्यात नामस्मरण होतं", तर ते वैराग्य कोणाच्या अंगठ्यावर चाललंय?

आम्ही राहतो तो भाग हा प्रश्न सहजासहजी विसरू देत नाही. डहाणूहून तलासरी फार लांब नाही. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली माणसं जमली होती. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. तिथे ठरलं की, यापुढे वेठ करायची नाही. वेठ म्हणजे जमीनदाराने बोलावलं की जायचं, गवत कापायचं, लाकडं तोडायची, शेतात आणि घरी राबायचं, तेही मजुरीशिवाय. त्याच काळात लग्नगडी ही पद्धत होती. लग्नासाठी थोडंसं कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने वर्षानुवर्षं, कधी जन्मभर, सावकाराकडे राबायचं. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलं. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पालघर, डहाणू, तलासरीच्या कुठल्याही तरुणाने ते एकदा वाचावं.

आईच्या खिचडीची आणि वेठबिगारीची तुलना मी करत नाहीये. ती करणं म्हणजे त्या माणसांचा अपमान होईल. पण वेठ हा शब्द मला एक गोष्ट शिकवतो. गवत कापण्याचं काम वाईट नव्हतं. तेच गवत माणूस आपल्या बैलासाठी गाणं म्हणत कापतो. फरक एवढाच की, हात कोणाचा आणि ठरवलं कोणी. तेच काम स्वतःहून केलं तर सेवा असते, दुसऱ्याने गृहीत धरलं तर वेठ होते. आपल्या मराठीत "वेठीस धरणं" असा वाक्प्रचार आहे, तो आपण संपाच्या बातम्यांत वापरतो. पण घरातल्या घरात, प्रेमाने, साधेपणाच्या नावाखालीही माणूस वेठीस धरला जाऊ शकतो. तुमच्यापैकी अनेकांकडे स्वयंपाकाला मावशी येत असतील. "मावशी आहेत ना, मग मशीन कशाला?" हे वाक्य मी सत्संगी घरांतही ऐकलंय. ते काटकसरीचं वाक्य वाटतं. त्यात हात मावशींचा आणि पुण्य आपलं, असा हिशेब असतो.

मग आईला विचारून टाकावं का? विचारलं. "मला काही होत नाही." आया हेच म्हणतात. यशोदेला कुणी विचारलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. म्हणून तोंडी उत्तरावर हा निर्णय सोडता येत नव्हता.

भागवतातल्या मुलाने काय केलं? त्याने प्रश्न विचारला नाही. तो आला आणि रवी धरली. ते त्याने भुकेपोटी केलं, हे खरं. पण आईला तो अडथळा वाटला नाही, तिला त्यात आनंदच झाला, असं ग्रंथ सांगतो. म्हटलं, आपणही रवी धरून बघू. आठ दिवस, रात्रीची खिचडी मी घोटायची. विकत घ्यायचं की नाही, ते नवव्या दिवशी.

आमची रवी लाकडी आहे, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेली. चैत्र पौर्णिमेला ती जत्रा सुरू होते. चांगली जड रवी. पहिल्या दिवशी आई मागेच उभी होती. "अरे, असं आपटू नकोस, पातेलं तळाशी टेकव." दुसऱ्या दिवशी मी नाम घेत घोटायचं ठरवलं आणि खरंच जमलं, छान लय लागली. चौथ्या दिवशी मनगट बोलायला लागलं आणि नाम मागे पडलं. आणि एक गोष्ट हाताला कळली. घोटणं सोपं आहे, खरा जीव जातो तो चाळणीत. घोटायला सहा-सात मिनिटं, चाळणीतून दाबून काढायला दहा-बारा, मग चाळणीची जाळी धुवायची. एका वेळेचे वीस मिनिटं, तेही अंगठ्यावर जोर देऊन. दिवसातून दोनदा.

मग मीच का घोटत राहू नये? हा प्रश्न प्रामाणिक आहे. रात्रीचं घोटणं मी ठेवू शकतो. पण सकाळी मी लोकल पकडून बोईसरला कामाला जातो, बाबा दुपारी वाडीत असतात. दुपारची वाटी आईच्याच हातात राहते. अर्धा भार मी उचलला तरी अर्धा तिथेच होता.

नवव्या दिवशी हिशेब मांडला. आधी पैशाचा. दोन हजारांचं यंत्र, दोन वर्षांची गॅरंटी. दिवसातून दोन वेळा वापरलं तर दोन वर्षांत साधारण १४६० वेळा, म्हणजे एका वेळेला दीड रुपयाहूनही कमी. तेच जर फक्त माझ्या फेसाळ कॉफीसाठी पंधरा दिवसांतून एकदा काढलं, तर एका कपामागे जवळपास ४१ रुपये, दूध-कॉफी वेगळी. यंत्र तेच, किंमत तीच. एका घरात ते स्वस्त आहे, दुसऱ्या घरात उधळपट्टी. "वर्थ आहे का?" या प्रश्नाला वस्तूकडे बघून उत्तर मिळत नाही, ते आपल्या घराकडे बघून मिळतं.

विजेचाही हिशेब केला. ३०० वॅटचं यंत्र दिवसाला पाच मिनिटं चाललं तर महिन्याला पाऊण युनिट. नगण्य आहे. पण डहाणूत बसून विजेला नगण्य म्हणणं जरा जड जातं. १९९१ मध्ये केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि त्याच तालुक्यात ५०० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र उभं आहे. इथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. अंधेरी-बोरिवलीत बसून हे वाचणाऱ्यांनो, तुमचा फोन कदाचित आमच्या खाडीकाठच्या विजेवर चार्ज झाला असेल! तक्रार म्हणून नाही सांगत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान म्हणतात की, मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो तो चोरच. बटण दाबलं की काम होतं, तेव्हा आपल्याला वाटतं कोणाचेच हात लागले नाहीत. हात लागलेले असतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून पाऊण युनिटसुद्धा फुकट समजू नये, एवढंच.

आणि शेवटी हौसेचा हिशेब. भागवताच्याच सातव्या स्कंधात, चौदाव्या अध्यायात, नारद युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगतात. त्यातला एक श्लोक फार कडक आहे. पोटाला लागेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून जास्त आपलं म्हणणारा चोर आहे, दंडाला पात्र आहे. हे वाचल्यावर ब्लेंडरच्या खोक्याकडे बघवत नाही. पण नीट वाचलं तर त्या श्लोकात माप आहे, आणि माप पोटाचं आहे. आजीच्या पोटात अन्न नीट जावं यासाठी जे लागतं ते मापाच्या आत बसतं. चॉपर, व्हिस्क आणि कॉफीचा फेस बसत नाही. एकाच खोक्यात गरजही येते आणि हौसही येते. खोकं नाकारायचं की घ्यायचं एवढाच पर्याय नसतो. खोक्यातलं काय घ्यायचं हेही ठरवता येतं.

तर आम्ही घेतला. स्टेशनजवळच्या बाजारातून, रोख पैसे देऊन, सगळ्यात साधा. दांडी स्टीलची बघून घेतली, कारण तो गरम पातेल्यात बुडवायचा आहे. जोडीला येणारी भांडी-पाती नसलेलं मॉडेल घेतलं, ते स्वस्तही पडलं.

घ्यायचाच असेल तुम्हाला, तर वापराच्या दोन गोष्टी सांगतो. सलग फिरवत ठेवू नका. दहा-दहा सेकंद थांबून थांबून फिरवा, मोटार तापत नाही. आणि भात जास्त फिरवला की खळीसारखा चिकट होतो. पहिल्या दिवशी आजीने एक घास घेतला आणि म्हणाली, "ही खिचडी आहे की पतंगाचा गोंद?" तेव्हापासून आई वरण वेगळं फिरवते, भात अगदी शेवटी, दोन झटके. गिळायला त्रास असलेलं माणूस घरात असेल तर किती घट्ट ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. यंत्र सगळंच पातळ करायला बघतं.

ताक मात्र रवीनेच होतं, रविवारी, आणि ते मी करतो. कॉफी पूर्वीसारखीच, चमच्याने ढवळलेली.

तुमच्यासाठी उत्तर काय? एकटे राहत असाल, मिक्सर असेल, सगळ्यांचे दात शाबूत असतील, तर बहुतेक घेऊ नका. तिसऱ्या आठवड्यात तो कपाटात जाईल. घरात कुणाला मऊ जेवण लागत असेल, किंवा रोज घोटणाऱ्या हाताला दुखणं असेल, तर "आम्ही साधे राहतो" म्हणून अडवू नका. आणि स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल, तर निर्णय घ्यायच्या आधी आठ दिवस ते काम आपल्या हाताने करा. आठ नाही जमले तर तीन. मग भागवत उघडा.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि ती यंत्राने सुटणारही नाही. दोन वेळांची मिळून चाळीस मिनिटं वाचतात. ती कुठे जातात? यशोदेने दूध उतू जातंय म्हणून मांडीवरच्या कृष्णाला खाली ठेवलं आणि धावली. कामाने तिला त्याच्यापासून उठवलं होतं. आता काम कमी झालंय, तर आपण कुणाजवळ बसतो? परवा आई दुपारी आजीजवळ बसली होती, आजी तिला तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होती, म्हणे. काल मात्र तीच मिनिटं मालिकेत गेली. आईने विश्रांती घ्यावी, मालिका बघावी, तिचा हक्क आहे तो. पण माझ्या वाट्याला रात्रीची वीस मिनिटं आलीत आणि फोन शेजारीच असतो. हा हिशेब मला रोज नव्याने करावा लागणार.

आजचा संकल्प: आज जेवताना ताटातला एक पदार्थ निवडायचा आणि तो कोणाच्या हाताने झाला, त्या हाताला काय पडलं, एवढं बघायचं. त्या माणसाकडे जाऊन उद्या एक काम मागून घ्यायचं.

उद्याचं वाचन: दशम स्कंध, अध्याय १०. यमलार्जुन उद्धार. उखळ ओढत निघालेला दामोदर आणि संपत्तीच्या धुंदीत वृक्ष होऊन बसलेले कुबेराचे दोन मुलगे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥